समस्या निवारण: असेंब्लीतली अंकओळख प्रत्येक चित्राला एकच उत्तर का देते?

सातचं चित्र दिलं, उत्तर ३. दोनचं दिलं, उत्तर ३. कोरं चित्र दिलं, तरी ३. प्रोग्राम बिनतक्रार असेंबल होतो, शेवटपर्यंत चालतो, एकही लाल ओळ दिसत नाही. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या असेंब्लीत हस्तलिखित अंक ओळखायचा प्रकल्प ज्या बॅचला मिळतो तिथे ही तक्रार येतेच, मग लॅब फोंड्याची असो की मडगावची. बहुतेक गट त्यावर एकच इलाज करतात: पायथनमध्ये परत जाऊन मॉडेल नव्याने शिकवतात. त्यात दोन दिवस जातात आणि ३ च्या जागी ५ यायला लागतो. मॉडेल बिचारं ठीकच असतं. पायथनमध्ये बरोबर असलेले आकडे असेंब्लीपर्यंत पोचताना वाटेत कुठेतरी बदलतात. ती जागा हुडकायची आहे.

खालचं सगळं रार्स, म्हणजे रिस्क-फाइव्हचे प्रोग्राम साध्या संगणकावर चालवणारा सिम्युलेटर, धरून लिहिलं आहे. मांडणी नेहमीची: ७८४ इनपुट, मधल्या थरात १२८, शेवटी १०. चित्रं एमनिस्ट या हस्तलिखित अंकांच्या संग्रहाच्या चाचणी फाइलमधून थेट वाचायची. वेट्सच्या (मॉडेलने शिकून ठरवलेल्या गुणकांच्या) दोन फाइली पायथनने बनवायच्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला ओळींची आणि स्तंभांची संख्या, म्हणजे चार-चार बाइटचे दोन पूर्णांक, आणि पुढे ओळीमागून ओळ सगळी वेट्स ३२ बिटांच्या पूर्णांकात. बायसची, म्हणजे प्रत्येक बेरजेत वर मिळवायच्या आकड्यांची, छोटी फाइल वेगळी.

आधी अचूकतेचा आकडा नीट बघा, तोच अर्धं निदान सांगतो. एमनिस्टच्या १०,००० चाचणी चित्रांत शून्यं ९८० आहेत आणि एक ११३५. पूर्ण चाचणी चालवून अचूकता नेमकी ९.८० टक्के आली, तर प्रोग्राम प्रत्येक चित्राला ० म्हणतोय. ११.३५ आली तर प्रत्येकाला १. हे आकडे दिसले की मॉडेलकडे बघायचंच नाही. अचूकता ४०-५० च्या आसपास लटकत असेल तर दुखणं वेगळं: डेटा पोचतोय, पण वाकडा पोचतोय. बाइटचं चिन्ह किंवा हिशेबाचं ओसंडणं, या दोघांवर पहिला संशय घ्या.

चालवण्याआधी

रार्सला जावा ८ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. जार फाइलवर डबल क्लिक केल्यावर काहीच उघडत नसेल, तर कमांड लाइनवर जावाची आवृत्ती विचारा. लॅबच्या जुन्या मशिनवर कारण बहुधा तिथेच सापडतं.

चवथीच्या सुट्टीआधी लॅबमध्ये चालणारा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर आडवा पडतो तो फाइलच्या पत्त्यामुळे. तुमची असेंब्ली फाइल कुठल्या फोल्डरात आहे याचा विचार फाइल उघडताना होत नाही. जावा ज्या फोल्डरातून सुरू झालं तिथून पत्ता मोजला जातो. म्हणून जार, असेंब्लीच्या फाइली आणि डेटा एकाच फोल्डरात ठेवा, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जा आणि तिथूनच रार्स सुरू करा. फाइल उघडण्याच्या सेवेचा (सिम्युलेटरकडून करून घ्यायच्या कामाचा) क्रमांक १०२४, वाचण्याचा ६३, जागा बदलण्याचा ६२, बंद करण्याचा ५७. क्रमांक ए७ या रजिस्टरमध्ये जातो. इंटरनेटवरून उचललेलं कोड व्हीनस या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी लिहिलेलं असेल तर तिथे सेवेचा क्रमांक ए० मध्ये असतो आणि बाकीचे आर्ग्युमेंट एकेक घर पुढे सरकलेले असतात. असं कोड रार्समध्ये जसंच्या तसं चालवू नका.

उघडण्याच्या सेवेने ए० मध्ये काय दिलं ते प्रत्येक वेळी तपासा. पहिली फाइल उघडली तर ३ मिळतो, नाही उघडली तर −१. ही तपासणी वगळली की पुढची वाचण्याची सेवाही गुपचूप −१ देते, बफर शून्यांनी भरलेलं राहतं आणि प्रोग्राम शून्यांचा गुणाकार करून मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर छापतो. "प्रत्येक चित्राला एकच उत्तर" याचं सगळ्यात वारंवार आढळणारं कारण हेच. चित्राची फाइल उघडली नसेल तर उत्तर फक्त बायसवर ठरतं, म्हणून ते कायम तेच. वेट्सच उघडली नसतील आणि बायस वापरत नसाल तर दहाही अंकांचे गुण शून्य येतात आणि उत्तर ० छापलं जातं. लूपमध्ये फाइल उघडून बंद करायला विसरलात तर आणखी एक गंमत: एकूण ३२ जागांपैकी पहिल्या तीन राखीव, त्यामुळे २९ चित्रं व्यवस्थित आणि तिसाव्यापासून गोंधळ.

फंक्शनं वेगवेगळ्या फाइलींत असतील तर लेबल त्या त्या फाइलीपुरतं मर्यादित असतं. बाहेरून हाक मारायची असेल तर डॉट-ग्लोबल लिहावंच लागतं. "चिन्ह सापडत नाही" या चुकीचा अर्थ तेवढाच. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे सुरुवात. रार्स पहिल्या फाइलीच्या पहिल्या सूचनेपासून चालू लागतं. फाइली नावाच्या क्रमाने लागल्या तर आर्गमॅक्सची (सगळ्यात मोठ्या गुणाचा क्रमांक शोधणाऱ्या फंक्शनची) फाइल मेनच्या आधी येते आणि ए० मध्ये काहीही नसताना तेच फंक्शन चालायला लागतं. सेटिंग्जमध्ये ग्लोबल मेनपासून सुरुवात करण्याचा पर्याय लावा. कमांड लाइनवर त्यासाठी एसएम आहे. मेनच्या शेवटी १० क्रमांकाची सेवा बोलावून बाहेर पडा, नाहीतर अंमलबजावणी तशीच घसरत खालच्या फंक्शनात शिरते.

आणि "प्रोग्राम हँग होतो" ही तक्रार. पहिल्या थरात १,००,३५२ गुणाकार आहेत. एका गुणाकारामागे आठेक सूचना धरल्या तरी एका चित्राला आठ लाख सूचना होतात. रार्सच्या वरच्या पट्टीवरचा वेगाचा दांडा उजव्या टोकाला असेल तर हे थोड्याच वेळात उरकतं. पण कुणीतरी चुकून तो काही घरं डावीकडे सरकवला तर वेग सेकंदाला ३० सूचनांवर येतो आणि एका चित्राला सात तासांहून जास्त लागतात. दांडा बघा. चाचण्या शक्यतो खिडकीविना, कमांड लाइनवरच चालवा. व्हीनसमध्ये पावलांची मर्यादा आडवी येते. तिथे एमएस पर्यायाला −१ द्या.

फाइलींचे बाइट मोजा

इथे घाई करू नका. प्रत्येक फाइलीचा आकार बाइटमध्ये किती असायला हवा हे कागदावर काढा आणि फाइलच्या गुणधर्मांत दिसणाऱ्या आकड्याशी ताडून बघा. "साधारण ३९२ केबी" असं बघून चालत नाही.

एमनिस्टची चाचणी चित्रांची फाइल ७८,४०,०१६ बाइटची: १६ बाइटचं शीर्षक आणि १०,००० गुणिले ७८४. चाचणी लेबलांची १०,००८, म्हणजे शीर्षक ८ बाइटचं. आकार याहून बराच लहान असेल आणि पहिले दोन बाइट हेक्समध्ये १एफ ८बी असतील तर फाइल अजून दाबलेलीच आहे. नाव बदलून ती उलगडत नाही, जीझिप सोडवावं लागतं.

या शीर्षकातले पूर्णांक मोठा बाइट आधी अशा क्रमाने लिहिलेले आहेत, आणि रिस्क-फाइव्ह छोटा बाइट आधी वाचतो. म्हणून एलडब्ल्यू या चार बाइट वाचणाऱ्या सूचनेने ओळींची संख्या वाचली तर २८ ऐवजी ४६,९७,६२,०४८ मिळतात आणि २०५१ हा ओळखक्रमांक ५,०८,५५,९३६ होऊन येतो. हे आकडे दिसले तर घाबरू नका, बाइट उलटे आहेत एवढंच. सरळ मार्ग म्हणजे शीर्षक वाचूच नका: क्रमांक न च्या चित्रासाठी फाइलीत १६ अधिक ७८४ गुणिले न या जागी उडी मारा आणि ७८४ बाइट घ्या. ते १६ सोडायला विसरलात तर चित्र १६ घरं सरकतं, अंक उजव्या काठावरून कापला जाऊन उरलेला भाग डावीकडे निघतो. मोजणी शून्यापासून आहे. ० क्रमांकाचं चाचणी चित्र ७ चं, पुढची २, १, ०, ४ अशी. तुमच्याकडे पहिलं चित्र ५ चं निघालं तर तुम्ही शिकवण्याची फाइल उघडून बसला आहात.

पहिल्या थराच्या वेट्सची फाइल: १२८ गुणिले ७८४ गुणिले ४, अधिक ८. बरोबर ४,०१,४१६ बाइट. दुसऱ्या थराची ५,१२८. आता तिन्ही चुका आकारावरूनच ओळखू येतात.

आकार ८,०२,८२४ असेल तर नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीने ६४ बिटांचे पूर्णांक लिहिले आहेत. नुसतं "पूर्णांक कर" असं सांगितलं की नमपाय लिनक्सवर ६४ बिट घेतं, आणि गूगलचं ऑनलाइन पायथन, कोलॅब, लिनक्सवरच चालतं. विंडोजवर नमपाय २.० येण्याआधी हेच ३२ बिट होतं, म्हणून गटातल्या एकाची फाइल चालते आणि दुसऱ्याची चालत नाही. रार्सच्या डेटा सेगमेंटच्या खिडकीत हे लगेच दिसतं: एक आकडा, मग शून्य, एक ऋण आकडा, मग आठही घरांत एफ. इलाज म्हणजे प्रकार स्पष्ट ३२ बिट, छोटा बाइट आधी असा लिहा.

आकार काही शे बाइटने वाढलेला असेल तर विंडोजवर फाइल मजकूर म्हणून उघडून लिहिली आहे. १० किमतीच्या प्रत्येक बाइटआधी १३ घुसतो. बायनरी लिहिण्याचा पर्याय द्या. आकार कमी असेल तर लिहिणं अर्ध्यावर राहिलं. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा हे घडतंच. फाइल पुन्हा बनवा, तिला डागडुजी करत बसू नका.

आकार बरोबर असूनही उत्तर कचरा येत असेल तर ओळी-स्तंभांची अदलाबदल झालेला, म्हणजे पालटलेला मॅट्रिक्स तपासा. मॉडेल शिकवायच्या लायब्ररींपैकी पायटॉर्चच्या थराचं वेट १२८ ओळी, ७८४ स्तंभ असं असतं. केरासचं उलटं, ७८४ ओळी आणि १२८ स्तंभ. दोन्हींत आकडे तेवढेच, म्हणून आकार काही सांगत नाही. केरासवाल्यांनी लिहिण्याआधी पालटून घ्यायचं.

मेमरीत उतरवताना

चित्राचे बाइट एलबीयू या सूचनेने वाचा. एलबी चिन्ह धरून वाचतं, त्यामुळे २०० चा गडद ठिपका −५६ होतो. अंकाचा जो भाग सगळ्यात ठळक, नेमका तोच ऋण होतो. याची एक सोपी कसोटी आहे. ७८४ बाइटची बेरीज असेंब्लीत करून छापा, पायथनमध्येही काढा. फरक २५६ च्या पटीत असेल तर निदान झालं: १२८ किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक ठिपक्यामागे नेमके २५६ हरवले आहेत.

फाइलच्या नावाचा मजकूर आधी आणि त्याला लागून बफर ठेवलं तर बफर चारच्या पटीतल्या पत्त्यावर पडेल याची खात्री नाही. मग एलडब्ल्यूला पत्ता शब्दाच्या सीमेवर नसल्याची चूक येते. बफरच्या आधी डॉट-अलाइन २ लिहा. इथला २ म्हणजे दोनाचा दुसरा घात, चार बाइट.

वेट्स मात्र स्थिर डेटात ठेवू नका. रार्समध्ये स्थिर डेटा हेक्स १००१०००० पासून आणि हीप (प्रोग्राम चालताना मागून घ्यायची मेमरी) हेक्स १००४०००० पासून सुरू होतो. मध्ये १,९६,६०८ बाइट आहेत आणि तुमची पहिली फाइलच त्याच्या दुप्पट. अशी मोठी जागा स्थिर डेटात घेऊन वर एसबीआरकेने हीपही मागितला तर दोघं एकाच घरात राहायला येतात. वेट्ससाठी एसबीआरके, म्हणजे ९ क्रमांकाची सेवा, वापरा. डेटा आणि हीप मिळून ४ एमबीच्या आत बसावे लागतात, म्हणून चाचणीची सगळी चित्रं एकदम चढवायचा विचार सोडा. एका वेळी एक चित्र पुरतं.

हिशेब कुठे फुटतो

वेट्सना एका पटीने गुणून −१२७ ते १२७ मध्ये आणलं असं धरू. ठिपका जास्तीत जास्त २५५. तर पहिल्या थरातली एक बेरीज जास्तीत जास्त ७८४ गुणिले २५५ गुणिले १२७, म्हणजे २,५३,८९,८४०. ३२ बिटांची वरची हद्द २,१४,७४,८३,६४७, त्यामुळे इथे आरामात बसतं. वेट्सचा पल्ला १०,७४१ पर्यंत चालेल. "अचूकता वाढावी" म्हणून १६ बिटांचा ३२,७६७ घेतलात तर ओसंडण्याची वाट मोकळी केली.

खरा घोळ दुसऱ्या थरात. तो अडीच कोटींचा आकडा तसाच पुढे नेऊन १२७ ने गुणलात तर ३२२ कोटी होतात. बेरीज दूरच, एकच गुणाकार हद्दीबाहेर. मूल ही सूचना फक्त खालचे ३२ बिट ठेवते आणि काही बोलत नाही. म्हणून रेलूनंतर (ऋण आकड्यांचं शून्य केल्यानंतर) मधल्या थराचे १२८ आकडे ८ बिट उजवीकडे सरकवा. मग कमाल ९९,१७९ राहते, आणि ९९,१७९ गुणिले १२७ गुणिले १२८ म्हणजे १,६१,२२,५३,८२४. हद्दीच्या आत.

क्रम महत्त्वाचा: आधी रेलू, मग सरकवणं. उलट केलंत आणि एसआरएलआय वापरलंत तर ऋण आकड्यात वरून शून्यं घुसतात, तो प्रचंड धन होतो आणि रेलू त्याला आनंदाने जाऊ देतो. एसआरएआय चिन्ह राखतो. रेलू आधी झाला असेल तर दोन्ही सारखेच.

बायसबद्दल. मॉडेल ० ते १ च्या ठिपक्यांवर शिकलं आणि असेंब्लीत ० ते २५५ देताय, तर पहिल्या बायसला वेट्सच्या पटीने आणि वर २५५ नेही गुणायला हवं. दुसऱ्या बायसची पट म्हणजे दोन्ही थरांच्या पटींचा गुणाकार, गुणिले २५५, भागिले २५६. तो सरकवलेला ८ बिटांचा भाग विसरायचा नाही. ही चूक झाली की उत्तरं पूर्ण बिघडत नाहीत, अचूकता थोडी उतरते, आणि गट ती "पूर्णांकामुळे होणारच" म्हणून अहवालात लिहून टाकतो. होणारच ती घट वेगळी, ही वेगळी. दोन्ही वेगळ्या करायच्या तर पायथनमध्ये हाच पूर्णांकी हिशेब ३२ बिटांत, त्याच सरकवण्यासह लिहा आणि पहिल्या १०० चित्रांचे दहा-दहा गुण छापा. असेंब्लीचे गुण त्यांच्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळले पाहिजेत. पूर्णांकात "जवळपास जुळलं" असं काही नसतं.

जुळत नसेल तर शेवटून मागे येऊ नका, सुरुवातीपासून पुढे जा: ७८४ ची बेरीज, मग पहिल्या थराचे पहिले पाच आकडे, रेलूनंतरचे पाच, सरकवल्यानंतरचे पाच, शेवटचे दहा. पहिला फरक जिथे दिसेल तिथेच थांबा. पुढच्या चुका त्याचीच पिल्लं असतात.

फंक्शन आणि रजिस्टर

पहिल्या थराचा पहिला आकडा बरोबर, दुसऱ्यापासून चूक: गुणाकार-बेरजेच्या फंक्शनने टी० वापरला आणि बाहेरचा लूपही टी० वरच मोजतोय. पहिला थर पूर्ण बरोबर, दुसरा चूक: एखाद्या फंक्शनने एस रजिस्टर वापरून मूळ किंमत परत ठेवली नाही. फंक्शन संपतच नाही: आतून दुसरं फंक्शन बोलावलं पण आरए, म्हणजे परतीचा पत्ता, स्टॅकवर ठेवला नाही.

नजरेने शोधण्यापेक्षा एक युक्ती करा. प्रत्येक हाकेनंतर टी० ते टी६ आणि ए१ ते ए७ मध्ये मुद्दाम −१ भरा. शिस्तीत लिहिलेल्या प्रोग्रामचं उत्तर त्याने बदलत नाही. बदललं, तर जिथे बदललं त्याच्या आसपास तुम्ही हाकेपलीकडे न टिकणाऱ्या रजिस्टरवर विसंबला आहात.

आर्गमॅक्समध्ये "आतापर्यंतचा मोठा" हा ० पासून सुरू केला आणि दहाही गुण ऋण निघाले, तर उत्तर कायम ०. सुरुवात यादीतल्या पहिल्या आकड्यापासून करा. आणि परत द्यायचा तो क्रमांक, किंमत नाही. "ओळखलेला अंक: ८४३२११" असं छापून आलं तर गोंधळ इथे आहे.

स्वतःच्या हातचे अंक

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक कागदावर अंक काढून देतात आणि ९५ टक्क्यांचा प्रोग्राम चारातले तीन चुकवतो. एमनिस्टमध्ये पार्श्वभूमी ० आणि शाई २५५ कडे. कागदाच्या फोटोत नेमकं उलटं. प्रत्येक ठिपका २५५ मधून वजा करा. मग फिक्या राखाडी भागाला ० करा, कारण ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत कागद कधीच पूर्ण पांढरा नसतो. अंक २० बाय २० च्या चौकटीत बसवून त्याचा गुरुत्वमध्य २८ बाय २८ च्या मधोमध आणावा लागतो. एमनिस्टची चित्रं तशीच तयार केलेली आहेत. नुसता फोटो २८ बाय २८ ला आवळला तर काम होत नाही. ती चित्रं अमेरिकन हातांची आहेत हेही ध्यानात ठेवा. पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आजोबांच्या हातचा लांब शेंडीचा १ त्याला ७ वाटू शकतो.

देवनागरी अंक घ्यायची हौस असेल तर एमनिस्टवर शिकलेली वेट्स उपयोगाची नाहीत, नवीन शिकवावी लागतील. डीएचसीडी या देवनागरी संग्रहात प्रत्येक अंकाची २,००० चित्रं आहेत, ३२ बाय ३२ ची, पीएनजी स्वरूपात. त्यांच्या चारही बाजूंना दोन-दोन ठिपक्यांची रिकामी कड आहे. ती पायथनमध्ये छाटली की २८ बाय २८ उरतं आणि असेंब्लीची एकही ओळ बदलावी लागत नाही. कड ठेवायचीच असेल तर इनपुट १०२४ होतात: कोडमध्ये जिथे जिथे ७८४ टंकलं आहे ते शोधून बदला, आणि सरकवणं ८ ऐवजी ९ बिट करा. ८ वर दुसऱ्या थराची कमाल २,१०,५८,०२,२४० होते. ती हद्दीत बसते खरी, पण बायसला फारशी जागा उरत नाही. ९ केल्यावर दुसऱ्या बायसची पटही निम्मी करायची आहे.